वाचकांचे प्रश्न : शिळावर्तुळ जुने कोणते, नवे कोणते आणि हलवलेले कोणते?

शिळावर्तुळांविषयी विदर्भाच्या ग्रामीण भागातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वावराला लागून बरड जमीन आहे. तिथे मोठमोठ्या दगडांची दोन-तीन गोल कडी अर्धवट मातीत बुजलेली दिसतात. गावातले म्हातारे त्यांना गवळ्यांच्या काळातली म्हणतात. आता मुख्य रस्त्यावर एका पर्यटन केंद्रानेही उभ्या शिळांचे भव्य वर्तुळ मांडले आहे आणि ते ‘तीन हजार वर्षांपूर्वीचे’ असल्याचा फलक लावला आहे. यातले खरे कोणते, हे आमच्यासारख्याने कसे ओळखावे? — एक शेतकरी, हिंगणा तालुका, जि. नागपूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून बरडावरची कडी जुनी असण्याची शक्यता बरीच आहे. रस्त्यावरच्या वर्तुळाविषयी मात्र पहिली शंका त्याच्या भव्यतेमुळेच येते. विदर्भातील शिळावर्तुळे उंच उभ्या खांबांची नसतात. इंग्लंडमधील स्टोनहेंजची छायाचित्रे सर्वत्र पाहायला मिळत असल्यामुळे शिळांचे वर्तुळ म्हटले की माणसाच्या दुप्पट उंचीचे, आकाशाकडे झेपावणारे दगड आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु नागपूर, वर्धा, भंडारा आणि चंद्रपूर या पट्ट्यातील वर्तुळे म्हणजे बसक्या, गोलसर, बहुधा काळ्या पाषाणाच्या मोठ्या गोट्यांची एकमेकांना लागून मांडलेली कडी होत. ती गुडघ्याएवढी किंवा फार तर कमरेएवढी वर आलेली असतात आणि आतली जमीन आजूबाजूपेक्षा किंचित उंच, दगडगोट्यांनी भरलेली असते. त्यामुळे विदर्भात उंच शिळांचे मोकळे, आतून सपाट आणि हिरवळ लावलेले वर्तुळ दिसले, तर ते परदेशी छायाचित्र पाहून बांधलेले असावे असे समजून चौकशीला लागावे.

हा फरक नुसत्या दिसण्यातला नाही, त्यामागे ही वर्तुळे कशासाठी बांधली गेली याचे कारण आहे. इ. स. पू. पहिल्या सहस्रकात, म्हणजे ढोबळमानाने २३०० ते ३००० वर्षांपूर्वी, येथे राहणाऱ्या आणि लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी ही स्थळे रचली. मृताच्या अस्थी, सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, क्वचित तांब्याची भांडी आणि अकीकाचे मणी ठेवायचे, त्यावर मातीचा आणि गोट्यांचा भराव घालायचा आणि त्या भरावाला भोवतीने मोठ्या दगडांचे कडे करायचे, अशी साधारण पद्धत होती. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे १९७० नंतरच्या उत्खननात घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टीच सापडली. टाकळघाट-खापा, भागीमोहारी, वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा आणि आपल्याच तालुक्यातील रायपूर ही नावेही अभ्यासकांना चांगली परिचित आहेत. पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थळांवर केलेल्या कामामुळे विदर्भाचे लोहयुग आज आपल्याला एवढे तरी ठाऊक आहे.

म्हणून वर्तुळ पाहताना आधी जागा पाहावी. जुनी वर्तुळे सहसा एकटी नसतात. काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे ती सुमारे ३०० आहेत. चांगली काळी जमीन पेरणीसाठी सोडून मुरमाड उताराची, टेकाडाच्या अंगाची, जवळ ओढानाला असलेली जागा त्यासाठी निवडलेली दिसते. मग दगड पाहावेत. शेकडो वर्षे एका जागी बसलेल्या दगडाचा मातीखालचा भाग आणि वरचा उघडा भाग यांच्या रंगात फरक असतो, आणि त्यांच्यामधली रेघ जमिनीलगतच असायला हवी. ही रेघ हातभर वर, तिरपी किंवा उलट्या बाजूला दिसत असेल, तर दगड उचलून फिरवलेला आहे. दगडफुलांचेही तसेच आहे. नुसते दगडफूल उगवलेले असणे हा पुरावा नाही, कारण ते नाल्यातल्या दगडावर आधीपासून असू शकते. ते मातीत गेलेल्या बाजूला सापडले, तर मात्र दगड हलवला गेल्याची शंका घ्यावी. यंत्राच्या दातांचे पांढरे ओरखडे आणि सुरुंगासाठी पाडलेल्या गोल भोकांचे अर्धे पन्हाळ दिसले, तर फारसा प्रश्नच उरत नाही. याउलट, दगडावर वाटीसारखे लहान खळगे रांगेने कोरलेले असतील, तर त्यांची काळजीपूर्वक नोंद करावी. जुनापाणीच्या शिळांवरच्या अशा खळग्यांकडे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच लक्ष वेधले होते.

आपल्या पत्रात नसलेली, पण गावाकडे वारंवार होणारी एक गफलतही सांगतो. प्रत्येक गोल मांडणी ही शिळावर्तुळ नसते. जुन्या खळ्याची कड, गुरे बसवायच्या जागेभोवतीचा गडगा, पडून गेलेल्या झाडाचा पार, नांगरट करताना वेचून रचलेले गोटे, हे सगळे काही वर्षांनी ‘प्राचीन’ दिसू लागते. खळ्याचे दगड दोन माणसांना उचलता येतील एवढेच असतात आणि मधली जमीन चोपून सपाट केलेली असते. शिळावर्तुळाचा दगड बहुधा दोघांना हलत नाही आणि मधली जमीन फुगीर असते.

एवढे पाहून झाल्यावर जे करू नये तेही स्पष्ट लिहितो. आत खणून पाहू नये. गुप्तधनाच्या आशेने रात्रीतून फोडलेली वर्तुळे विदर्भात किती आहेत, हे त्या भागात फिरणाऱ्या प्रत्येकाला दिसते, आणि त्यांतून खणणाऱ्याच्या हाती गंजलेले लोखंड आणि खापरे यापलीकडे सहसा काही लागत नाही. त्याच खापरांची जागा आणि खोली नोंदवली गेली असती, तर गावाचा इतिहास त्यातून कळला असता.

प्रश्न : आमच्या गावाजवळचे एक वर्तुळ रस्त्याच्या कामात जाणार होते. गावकऱ्यांनी धावपळ करून यंत्राने दगड उचलून आणले आणि ग्रामपंचायतीसमोरच्या बागेत तसेच गोल मांडले. आता शाळेची मुले ते पाहायला येतात. ते प्राचीन वर्तुळ आहे असे मुलांना सांगावे का? — एक शिक्षिका, वर्धा जिल्हा

उत्तर : गावकऱ्यांच्या धावपळीमागची भावना मोलाची आहे, कारण तेच दगड अनेक ठिकाणी खडी होऊन रस्त्याच्या पोटात गेले आहेत. तरीही आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की बागेत आलेत ते जुन्या वर्तुळाचे दगड. वर्तुळ आलेले नाही. विहिरीचा कठडा उचलून दुसऱ्या वावरात मांडला, म्हणून विहीर तिकडे जात नाही. शिळावर्तुळ म्हणजे वरच्या कड्यासह त्याखालचे थर, भराव, खड्डा, अस्थी, मडक्यांची परस्परांतील अंतरे आणि आजूबाजूच्या इतर वर्तुळांशी असलेले नाते, असे सगळे मिळून होते. कोणता दगड कोणाच्या शेजारी होता आणि कोणत्या दिशेला होता, हेही त्यातच आले.

असे स्थलांतर जगात पूर्वीही झाले आहे. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर १७८५ मध्ये कवायतीचे मैदान सपाट करताना एक पुरातन शिलारचना उघडी पडली. बेटावरील लोकांनी ती आपले गव्हर्नर कॉनवे यांना भेट दिली आणि १७८८ मध्ये तिचे दगड जहाजाने इंग्लंडला नेऊन हेन्लीजवळच्या त्यांच्या जागेत पुन्हा मांडण्यात आले. ते दगड आजही तेथे आहेत आणि खरे आहेत, पण ज्या टेकडीवर, ज्या समुद्राकडे पाहत ते उभे केले होते ती टेकडी त्यांच्यासोबत गेली नाही. त्या काळी या रचनेची चित्रे काढून ठेवली गेली, एवढेच सुदैव. आपल्याकडे नागार्जुनसागर धरणाच्या वेळी याहून कितीतरी जबाबदारीने काम झाले. पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंडा येथे १९५४ पासून काही वर्षे मोठे उत्खनन करण्यात आले आणि निवडक वास्तू टेकडीवर नेऊन पुन्हा रचण्यात आल्या. आज ती टेकडी जलाशयातले बेट झाली आहे. तिथे आधी खणले, मोजले, रेखाटले, छायाचित्रे घेतली आणि मग दगड हलवले. आपल्या गावात हा क्रम पाळायला वेळ मिळाला नाही, एवढाच मला खेद वाटतो.

तेव्हा मुलांना खरे तेच सांगावे : हे दगड अमुक गट क्रमांकातील वर्तुळाचे आहेत, अमुक साली अमुक कारणाने येथे आणले, आणि मूळ जागा तिकडे आहे. तसा फलकही बागेत लावावा. शक्य झाल्यास मुलांना मूळ जागेवरही न्यावे. रस्त्याच्या कडेला भरावाचा काही भाग अजून शिल्लक असेल, तर तो दगडांपेक्षा अधिक बोलका आहे आणि तो वाचवणे अजून हाती आहे. दगड उचलण्यापूर्वी कोणी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढली असतील, तर ती सगळी एकत्र करून ठेवावीत. कोणती बाजू उत्तरेची होती, हे त्या छायाचित्रांतील सावल्यांवरून पुढे कोणालाही काढता येईल. हे काम आपल्या विद्यार्थ्यांकडूनच करून घेता आले, तर फार चांगले होईल.

प्रश्न : दगडाचे वय प्रयोगशाळेत काढून हा वाद मिटवता येत नाही का? आणि तज्ज्ञांचीही या बाबतीत फसगत झाली आहे का? स्टोनहेंजसुद्धा पुन्हा उभारलेले आहे, असे मी ऐकले. — महाविद्यालयीन विद्यार्थी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : दगडाचे वय काढता येते, पण त्याचा येथे उपयोग नाही. नागपूरच्या पश्चिमेचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून झाला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. जुनापाणीतील वर्तुळाचा दगड आणि पर्यटन केंद्रातील दगड यांचे वय त्यामुळे सारखेच निघेल. आपल्याला हवी असते ती दगड तेथे ठेवला गेल्याची वेळ, आणि ती दगडाखालच्या मातीत असते. कोळसा किंवा हाडे मिळाली, तर कार्बन-१४ पद्धतीने त्यांचा काळ ठरवता येतो. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे मोजणारी पद्धतही आहे. दगड ठेवल्यापासून त्याखालची माती अंधारात असल्यामुळे त्या मातीवरून अंदाज बांधता येतो. दगड एकदा उचलला आणि ऊन लागले, की तेथील हे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. हलवलेल्या वर्तुळाबाबतचे मोठे नुकसान हेच आहे.

फसगतीचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायर भागात एक आडवी शिळा दोन उभ्या शिळांच्या मध्ये ठेवलेली प्राचीन वर्तुळे आढळतात. २०१८ च्या अखेरीस लेओखेल-कुशनी परिसरातील एका शेतावर तसेच आणखी एक वर्तुळ, आतापर्यंत नोंद न झालेले, मिळाल्याचे जाहीर झाले. त्याचा व्यास नेहमीपेक्षा कमी आणि दगड लहान आहेत, हे तज्ज्ञांनी तेव्हाच नमूद केले होते. पुढच्याच महिन्यात त्या शेताच्या आधीच्या मालकाने स्वतः होऊन कळवले की १९९० च्या दशकाच्या मध्यास ते वर्तुळ त्याने उभारले होते. तज्ज्ञांनीही हे लपवले नाही. मला या घटनेत दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. परक्या नमुन्याची नक्कल लगेच उघडी पडते, पण स्थानिक परंपरेला धरून, स्थानिक दगडात, मन लावून केलेली रचना पंचवीस वर्षांत जुन्यासारखी दिसू लागते. आणि शेवटी निकाल लागला तो त्या जमिनीवर राहिलेल्या माणसाच्या सांगण्याने. आपल्याकडेही वर्तुळाची नोंद करण्यापूर्वी वावराच्या आधीच्या मालकांना, सालदाराला आणि त्या बाजूला गुरे चारणाऱ्या जुन्या गुराख्याला विचारणे, हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.

इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये इल्टनजवळ विल्यम डॅन्बी या जमीनदाराने १८२० च्या सुमारास स्टोनहेंजच्या धर्तीवर बांधवून घेतलेले ‘ड्रुइड्स टेंपल’ आज वनराईत इतके मुरलेले आहे की अनभिज्ञ माणूस ते सहज प्राचीन समजेल. आता ते दोनशे वर्षांचे आहे आणि त्या अर्थाने स्वतःही ऐतिहासिकच आहे.

स्टोनहेंजबद्दल आपण ऐकले ते अर्धे खरे आहे. मुख्य शिळा सुमारे ४५०० वर्षांपूर्वी उभारल्या गेल्या. १७९७ मध्ये कोसळलेल्या दोन उभ्या शिळा आणि त्यांच्यावरची आडवी शिळा १९५८ मध्ये पुन्हा बसवण्यात आल्या, आणि त्याआधी १९०१ मध्ये एक कललेली प्रचंड शिळा सरळ करून तिच्या पायाशी काँक्रीट भरण्यात आले. हे काम त्याच जागी, जुनी चित्रे आणि पायाचे खड्डे पाहून झाले आणि त्याच्या नोंदी उपलब्ध आहेत, म्हणून स्टोनहेंज नकली ठरत नाही. इंग्लंडमधीलच ॲव्हबरी येथील प्राचीन शिळावर्तुळात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलर यांनी १९३० च्या दशकात पुरलेल्या शिळा बाहेर काढून उभ्या केल्या. जिथे शिळा उरलीच नव्हती तिथे दुसरा दगड आणून न लावता काँक्रीटचे ठोकळे ठेवले, जेणेकरून पाहणाऱ्याला जुने आणि नवे वेगळे दिसावे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपल्याकडे जुन्या दगडांवर तैलरंग फासला जातो, तेव्हा मला ॲव्हबरीचे ते साधे ठोकळे फार आदरणीय वाटतात.

प्रश्न : आमच्याकडे माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ आजही शिळा उभ्या करतात. बाहेरून आलेले काही जण त्यांना ‘नवीन’ म्हणून दुर्लक्षित करतात, तर काही जण ‘पाच हजार वर्षांच्या’ म्हणून छायाचित्रे टाकतात. खरे काय? — वाचक, भामरागड तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : दोघेही चुकतात. भामरागडपासून बस्तरपर्यंतच्या माडिया समाजातील स्मृतिशिळा ही चालू असलेली प्रथा आहे. शिळा मागच्या वर्षी उभी केलेली असली, तरी ज्या कुटुंबाने ती उभी केली त्याच्यासाठी ती पूर्णपणे खरी आहे, आणि तिचे वय वाढवून सांगणे हा त्या कुटुंबाच्या शोकाचा अवमान आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे : शिळा कोण निवडते, ती गावापर्यंत कशी आणतात, सोबत काय ठेवतात, हे तेथे विचारता येते, आणि लोहयुगातील वर्तुळांबाबत ते विचारायला कोणी उरलेले नाही. मात्र माडिया शिळांवरून ‘जुनापाणीची वर्तुळेही याच लोकांच्या पूर्वजांची’ असा थेट निष्कर्ष काढू नये. मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि मृतांसाठी दगड उभा करण्याची कल्पना एकाहून अधिक समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकते. छायाचित्र काढण्यापूर्वी त्या कुटुंबाची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आमच्या शिवारात पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील वर्तुळे आहेत. पर्यटक थांबावेत म्हणून गावात एक नवे वर्तुळ करण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आहे. त्यात काही अडचण आहे का? — एक सरपंच, नागपूर जिल्हा

उत्तर : नवे वर्तुळ करण्यात काहीच गैर नाही, फक्त ते कुठे, कशाचे आणि कोणत्या फलकासह करता, याकडे लक्ष द्यावे.

जागेबाबत कायदा स्पष्ट आहे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन ही तरतूद अधिक कडक झाली. संरक्षित स्मारकाचे नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून नवे वर्तुळ गावठाणालगत, जुन्या जागेपासून चांगले दूर करावे आणि तत्पूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा. काम करताना मडकी, हत्यारे किंवा नाणी निघाली, तर काम थांबवून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्यांना सूचना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानेच बंधनकारक केले आहे.

दगडांबाबत माझा आग्रह मोठा आहे. बरडावरचा, धुऱ्यावरचा किंवा नाल्यातला ‘पडलेला’ दगड आणू नये, कारण तो एखाद्या नोंद न झालेल्या वर्तुळाचा असू शकतो. नागपूरभोवती मुरूम उपसताना आणि लेआउट पाडताना संरक्षणाबाहेरची वर्तुळे विस्कटली गेली आहेत. त्यांचे दगड इकडेतिकडे पडलेले असतात आणि सजावटीसाठी तेच आधी उचलले जातात. परवानाधारक खाणीतून पावतीसह दगड घ्यावा आणि प्रत्येक दगडाच्या तळाशी साल कोरून घ्यावे. खर्च थोडा वाढेल, पण पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाचा घोटाळा टळेल.

आकारासाठी स्टोनहेंजची नक्कल करू नये. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल येथे सॅम हिल यांनी पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ काँक्रीटचे स्टोनहेंज बांधले, १९१८ मध्ये त्याचे समर्पण झाले आणि १९२९ मध्ये ते पूर्ण झाले. परंतु त्यांच्या शिवारात स्वतःची वर्तुळे नव्हती, आपल्या शिवारात आहेत. आपण विदर्भाच्याच पद्धतीचे वर्तुळ करावे आणि त्याचा एक चतुर्थांश भाग कापून उघडा ठेवावा, म्हणजे भराव, त्याखालची माती, मडकी ठेवायची जागा हे सारे पर्यटकाला पाहता येईल. खऱ्या वर्तुळात हे कधीच दाखवता येत नाही, आणि नव्या वर्तुळाचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे. मडकी गावातल्या कुंभाराकडून करून घ्यावीत. त्यालाही काम मिळेल.

फलकावर ‘प्रतिकृती’ हा शब्द सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, बांधल्याच्या सालासह असावा. त्याखाली मूळ वर्तुळांकडे जाण्याचा रस्ता आणि तेथे दगडांवर चढू नये, खणू नये ही विनंती लिहावी. ठरावाच्या मसुद्यातच हा मजकूर घालून घेतला, तर पुढे फलक बदलण्याचा मोह कोणालाही होणार नाही.